एकट्याले सोडता का?

“एकट्याले सोडता का त्याले?” हा मिस्त्रीजींचा प्रश्न. नागपूर आणि आसपासच्या किती फोरमननी तो ऐकला असेल, देव जाणे. विचारताना ते मान जरा तिरकी करत आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहत. उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असे. समोरचा “तसा पोरगा हुशार आहे” वगैरे सुरू झाला की ते हात वर करत. हुशारी राहू द्या, मशीनवर एकट्याले सोडता का, तेवढं सांगा.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, जो घरी आला तर बरं वाटतं आणि तपासायला आला तर नकोसा वाटतो. मला ते पहिल्यांदा भेटले ते तपासायला आले तेव्हा.

एका कापड गिरणीच्या मशीनघरात उभं आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. नागपूरच्या महाल भागात राहत आणि सायकलवर फिरत. कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या कॉलेजांची तपासणी करायला तेव्हा तिघांची समिती येई. त्यात दोन प्राध्यापक असत आणि तिसरे हे. प्राध्यापक हजेरीपट आणि वह्या पाहत, चहा घेत, सही करत. हे मात्र आधीचे दोन दिवस कॉलेजात फिरकतच नसत. तिथून शिकून गेलेली माणसं जिथे कामाला लागली असतील तिथे जात. कळमेश्वरला जायचं तर सायकल बसच्या टपावर टाकत. तिथल्या फोरमनला तो एकच प्रश्न विचारत आणि परत येत. कॉलेज बरं की वाईट, हे त्यांच्या लेखी तिथेच ठरलेलं असे.

आमच्या वर्गाची ती पहिलीच तुकडी होती. बाहेर जाऊन कुणाला विचारावं असं कुणी नव्हतंच, त्यामुळे ते थेट आमच्याकडे येणार होते. या बातमीने मला दोन रात्री झोप लागली नाही.

कारण सांगतो. मी फिजिक्सचा माणूस, तात्पुरत्या नेमणुकीवरचा. संध्याकाळच्या वर्गात मशीनकाम शिकवायला कुणी मिळेना, म्हणून प्राचार्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं. लेथ मशीन आलं होतं, पण त्याला लागणारं वीजजोडणीचं काम दोन वर्षं रखडलं. तोवर मी फळ्यावर लेथ काढून लेथ शिकवला. चित्र सुरेख काढायचो, रंगीत खडूंनी. वर्गात बावीस कामगार होते. त्यांना लेथच्या एकूण एक भागाचं नाव पाठ झालं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या बाविसांत सुखदेव नावाचा एक जण होता. तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, कोराडीच्या वीजकेंद्रात हेल्पर. कामावरून सुटला की तसाच बस पकडून यायचा. शर्टाच्या कॉलरवर राख असायची. दोन महिन्यांनी तिथे फिटरच्या जागांची यादी लागणार होती आणि यादीत नाव यायला आमचं प्रमाणपत्र हवं होतं. वर्गाला मान्यता मिळाली तरच प्रमाणपत्र. आणि मान्यता मिळाली तर माझी नोकरीही कायम होईल, असं प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं.

तपासणीच्या आठवड्यात धावपळ करून वीज जोडून घेतली. मशीन दोन वर्षं पडून कळकट दिसत होतं, तेव्हा मी ते रंगवून घेतलं. रंग मीच निवडला, झकास हिरवा. रंगाऱ्याला बजावलं, एक इंचही जागा सोडू नको. त्याने नाही सोडली.

ज्यांनी कधी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेथवर कापणारं हत्यार ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवरून सरकतं, त्या आरशासारख्या गुळगुळीत असतात. त्यांना तेल लावतात. रंग कुणीही, कधीही लावत नाही. ज्याने एक दिवस लेथ चालवला त्याला हे कळतं. मी दोन वर्षं लेथ शिकवत होतो.

ते आले, सायकल स्टँडवर लावली, प्राचार्यांच्या चहाला नाही म्हणाले आणि सरळ मशीनघरात शिरले. मागे दोन प्राध्यापक, प्राचार्य, मी, आणि भिंतीला लागून उभे बावीस जण. त्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग नखाने खरवडलं. नखाखाली हिरवा रंग आला.

कुणी रंगवलं, त्यांनी विचारलं. मी पुढे होऊन म्हणालो, मीच रंगवून घेतलं, सर. माझ्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती, हे आठवलं की आजही कान तापतात.  त्यांनी रुमालाने अंगठा पुसला आणि भिंतीकडे बघून सुखदेवकडे बोट केलं.

सुखदेव पुढे आला आणि माझ्याकडे बघून एका दमात मशीनच्या भागांची नावं म्हणू लागला. दोन्ही प्राध्यापक माना डोलवत होते.

“नावं राहू दे गा,” ते म्हणाले. “चालव.”

सुखदेवने हातचाक धरलं. हललं नाही. त्याने जोर लावला. रंग वाळून सगळं जाम बसलं होतं. त्याच्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या.  शेवटी त्याने हात सोडला आणि तळवा पँटला पुसला.

एक प्राध्यापक म्हणाले, नवं मशीन आहे, चालायचंच. ह्यांनी ऐकलंच नाही. ते माझ्याकडे वळले. अंगठा तर्जनीवर फिरू लागला आणि मला पुढचं कळलं.

“सर, तुम्ही सोडाल का त्याले? मशीनवर, एकट्याले?”

माझ्या मागे प्राचार्य उभे होते. समोर सुखदेव होता, आणि तो डोळ्यांनी ‘हो म्हणा’ सांगत होता. नुसतं हो म्हणायचं होतं. दोन प्राध्यापक तयारच होते. माझा होकार मिळाला असता तर ह्यांना एकट्याला फारसं ताणता आलं नसतं. मी सुखदेवच्या हातांकडे बघितलं. ते हात फिरत्या लोखंडाजवळ गेलेले मला दिसले, आणि मी घाबरलो.

“नाही,” मी म्हणालो.

प्राचार्य तिथून निघून गेले.

मिस्त्रीजींची एक रीत होती. अहवालातला आपला शेरा ते सही करण्याआधी, ज्यांच्यावर तो लिहिला त्यांना वाचून दाखवत. प्राध्यापकांना ती पसंत नव्हती, तरी ह्यांनी शेरा वाचलाच. या वर्गातल्या एकालाही मशीनवर एकटं सोडता येणार नाही, सबब आज मान्यता देऊ नये.  मग सुखदेवच बोलला.

“मी दोन वर्षं कोराडीहून बसनं येऊन राहिलो, मिस्त्रीजी. एक दिवस नाही चुकवला. माहा काय कसूर?”

“तुहा कसूर नाही बापू,” ते म्हणाले. “खाली तेच लिहिलं हाये.”

खाली लिहिलं होतं: शिकणाऱ्यांनी आपलं काम केलं, कॉलेजने केलं नाही. सहा आठवड्यांनी मशीनवर पुन्हा परीक्षा घ्यावी. हे वाचून त्यांनी सही केली. यादी लागायला त्यानंतर जेमतेम दोन आठवडे उरत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलला रॉकेलची बाटली टांगून ते हजर. पिशवीत चिंध्या आणि पितळेच्या पट्ट्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लोखंडानं खरवडलं तर चरे पडतात, पितळेनं खरवडा, एवढंच सांगून त्यांनी एक पट्टी माझ्याही हातात दिली. “सर, तुमीपन.” चार संध्याकाळी आम्ही तेवीस जण माझा झकास हिरवा रंग काढत होतो. मला फार राग येत होता. त्यांचा, माझा, त्या रंगाऱ्याचासुद्धा.

मग मशीन सुरू झालं. एकेक जण लेथवर उभा राही आणि ते त्याच्या मागे, हात बंद करायच्या बटणापाशी. बोलणं जवळपास नाही. बाही वर कर. हात मागं घे. आवाज आयक, आवाज बदलला की थांब. रांगेत शेवटी मी. माझा पहिला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक निघाला. त्यांनी तो हातात फिरवला, म्हणाले, “गाजर चांगलं झालं सर,” आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगला. बावीस जण मनसोक्त हसले. मीही हसलो, दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सुखदेव काम करत असताना ते मागून निघून गेले. समोरच्या टपरीवर जाऊन, मशीनघराकडे पाठ करून चहा पीत बसले. सुखदेवचं काम संपलं, त्याने वळून पाहिलं, मागे कुणी नाही. कसं करू, असं त्याने मला खुणेने विचारलं. मग त्याच्या ध्यानात आलं. तो तिथेच स्टुलावर बसला आणि बराच वेळ तोंडावरून हात फिरवत राहिला. तेव्हापासून सगळ्यांना कळलं. ते चहाला गेले की आपलं झालं. रोज मशीनसमोर उभा असलेला माणूस कान मागे लावून राही, पावलं वाजतात का ते ऐकत.

परीक्षेला ते आत आलेच नाहीत. मी शिकवलं, मी तपासणार नाही, म्हणाले. दुसरा परीक्षक मागवून घेतला आणि स्वतः सायकलपाशी उभे राहिले, खाली बघत, मशीनचा आवाज ऐकत. सतरा जण पास झाले. पाच जण राहिले, त्यांना पुढच्या खेपेला बसायला सांगितलं. वर्गाला मान्यता मिळाली. सुखदेवचं नाव यादीत आलं.

माझी नेमणूक पुढे वाढली नाही. प्राचार्य तो ‘नाही’ विसरले नव्हते. मिस्त्रीजींना ते कळलं, तरी ते हळहळले नाहीत की सांत्वनाचं एक वाक्य बोलले नाहीत, आणि त्याचं मला वर्षभर वाईट वाटत राहिलं. मी अमरावतीला गेलो. तीनेक वर्षांनी सुखदेवचं कार्ड आलं, मिस्त्रीजी गेले. गिरणीतली चार आणि आपल्या वर्गाची झाडून सगळी माणसं आली होती, असं त्याने लिहिलं होतं. सगळी नव्हती. मी नव्हतो.

आता मीच समित्यांवर जातो. हजेरीपट बाजूला सारतो आणि त्यांचा प्रश्न विचारतो, आणि कधीकधी उत्तर ऐकताना मला माझी त्या कॉलेजातली शेवटची संध्याकाळ आठवते.

सामान आवरून मी निघालो होतो. ते मशीनघरात होते. एक दांडा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, हा करून जा. मी बाह्या वर केल्या. ते मागे उभे राहिले, हात बटणापाशी. मशीन सुरू झालं, लोखंडाची लांब, निळसर साल निघू लागली. आवाज सरळ चालला होता. निम्म्यावर मला मागे मोकळं मोकळं वाटलं. वळायचं नाही, ही त्यांचीच शिकवण, म्हणून मी नुसती नजर खिडकीकडे नेली.

रस्त्यापलीकडे टपरीच्या बाकावर ते बसले होते. बशीत चहा ओतत होते. माझ्याकडे पाठ करून.