निघत्या माणसाला काय विचारावं

त्या प्रकरणाची आठवण मला आजही येते, गादीला पाठ टेकली की.

तेव्हा कारंजाकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. रोजचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागे आणि आमच्या वरच्या साहेबांना साधं 'आस्क' खपत नसे. शिपायाने 'एन्क्वायर' करायचं, फौजदाराने 'इंटरोगेट', आणि 'असर्टेन', म्हणजे खात्री करून घेणं, हे क्रियापद त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. माहिती मिळो न मिळो, क्रियापद हुद्द्याला शोभलं पाहिजे.

कामरगावात एकाची बैलजोडी रात्रीतून चोरीस गेली. खबऱ्याने गावातल्या पिंजाऱ्याचं नाव दिलं आणि तो कोठडीत आला. त्याचं म्हणणं एकच, "साहेब, त्या राती मी गावच्या गाडीवानाच्या गाडीत कारंजाच्या रस्त्याले होतो. त्याले इचारा." पण गाडीवान दुसरं भाडं घेऊन परगावी निघून गेलेला. तो न सापडता तर पिंजाऱ्याची शिक्षा ठरलेली.

"कुठे गेला?" मी साऱ्या गावाला विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी गाडीवानाच्या बायकोला इंटरोगेट केलं. म्हणजे तिच्या ओट्यावर बसून पाणी प्यालो. "मले नाही मालूम," तीही म्हणाली. ही लपवते आहे, असं मनाशी ठरवून मी उठलो.

"फौजदारसाहेब, मंग परत कवा येता?"

"कुठे चाललो ते नाही विचारत, बाई?"

"अवो, निघत्या माणसाले कुठं म्हणून इचारतेत का? काम होत नाही त्याचं."

मी पुन्हा बसलो. "मग नवऱ्याला काय विचारलंत?"

"कवा येता, थे इचारलं. म्हणे, आसेगावचा बाजार उठला का येतो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी म्हणता कुठं गेला. बाजाराच्या आंदी तो कुठं फिरते, मले काय मालूम!"

आसेगावच्या बाजारात गाडीवान भेटला. पिंजारी रात्रभर त्याच्या गाडीत होता. कारंजात ते ज्याच्याकडे उतरले, त्यानेही तेच सांगितलं. बैल पुढे खबऱ्याच्याच मेहुण्याच्या गोठ्यात निघाले. साहेबांनी सारं स्वतः असर्टेन केल्याचं वर कळवलं.

लोक लपवतात, असं आम्ही पोलीस फार लवकर ठरवतो. पुष्कळदा त्यांच्या रीतीने विचारलं की ते सांगतात. त्या बाईने मला हे शिकवलं नसतं, तर एक निरपराध माणूस माझ्याच हातून तुरुंगात गेला असता. तिचे उपकार मी विसरलो नाही.

पिंजाऱ्याला सोडताना मी नवा धडा वापरून पाहिला, "परत कधी येतोस?"

त्याने हात जोडले. "तेवढं नका इचारू, साहेब!"

हिवाळ्यात मात्र तो आपणहून घरी आला आणि आमची गादी पिंजून गेला. निघताना आमच्या मंडळींनी विचारलं, "परत कधी येता, भाऊ?"

"पुढल्या थंडीत, भाभी."

माझी बदली होईपर्यंत तो दर थंडीत येत राहिला.