चर्चमधला चांदीचा प्याला

लातूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याची लेक त्याला रोज कादंबरी वाचून दाखवायची. ख्रिश्चन बाई, नाव मी विचारलं न्हाई. गोष्ट निजामाच्या काळातली होती. त्यात मिशनच्या शाळेतली मास्तरीण, तिच्यावर जीव टाकणारा घोडेस्वार आणि चर्चमधनं चोरीला गेलेला चांदीचा प्याला.

"मामा, मोठ्यानं वाचलं तर चालंल का?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"वाचा. असलं बायकी मी ऐकत न्हाई," म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं.

पान उलटताना ती बोटाला थुंकी लावायची. प्रेमाचं काही आलं की बापापुढं लाजून आवाज बारीक करायची. तेवढ्यापुरता मी श्वास धरून पडायचो.

चोर कळायच्या आधीच मला सुट्टी झाली. चपला घालायला मी लई वेळ लावला. विचारायचं होतं.

तीच म्हणाली, "मामा, शेवटचं पान बघून सांगू का चोर कोण?"

"मला काय करायचंय? मी झोपलेलो होतो."

"मग काल घोडेस्वाराला बेड्या घातल्या तवा 'त्यो न्हाई, त्यो न्हाई' असं झोपेत कोण वरडलं?"

तिचा बाप खोकत खोकत हसला. मी पिशवी उचलली आणि न विचारताच औशाची गाडी धरली.

तिनं पुढं काय वाचलं ते ठाऊक न्हाई. माझं म्हणणं आजही तेच हाय. प्याला घोडेस्वारानं नेला न्हाई.