बदली डिस्क

गायकवाड मॅडमना कुणी काही जपून ठेवलंय असं सांगितलं की त्या एकच प्रश्न विचारत, "परत काढून बघितलंत का?" प्रश्न लोणच्याच्या बरणीला लागू होता, मुलाच्या शाळेच्या दाखल्याला लागू होता आणि मुख्यतः कंपनीच्या सर्व्हरला लागू होता. उत्तर 'नाही' आलं तर त्या फक्त चष्मा काढून पुसत. ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात मी कर्मचारी विभाग सांभाळत होतो आणि त्या संगणक विभाग. विभाग म्हणजे त्या, एक टेबल आणि कुणालाही फेकू न दिलेला एक म्हातारा संगणक. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला त्या म्हाताऱ्यासमोर बसवलं. त्याला कसलीही वायर जोडलेली नव्हती, विजेची सोडून. आदल्या आठवड्याच्या बॅकअपमधून कंपनीची सगळी माहिती त्यांनी त्यावर पुन्हा उभी केली होती.

"तुमच्या ओळखीचा एखादा कामगार शोधा. रजा बरोबर आहे का बघा."

"हे तुम्हीच बघा ना, मॅडम."

"मला फाईल उघडली एवढं कळतं. आतलं खरं आहे का ते तुम्हालाच कळणार."

दर महिन्याला एका शनिवारी हा कार्यक्रम असे. स्टोअरचा माणूस, प्रयोगशाळेचा, हिशेबाचा, एकेकाने येऊन आपापलं बघायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. कारखान्यात याला 'मॅडमचा सत्यनारायण' म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं. चवदार तळ्याजवळच्या त्यांच्या घरात बुद्धवंदना होई, सत्यनारायण नव्हे. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे पूजा नसते. पण तुम्ही या. प्रसाद मिळणार नाही, एवढंच."

शनिवारचा दुसरा भाग दर आठवड्याला असे आणि तो त्याहून विचित्र होता. काम आटोपलं की बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून तोडून त्या पिशवीत घालत आणि एसटीने पोलादपूरला जात. गावावरच्या वाडीत त्यांची आत्या राहायची. आत्याच्या तांदळाच्या कोठीत एक स्टीलचा डबा पुरलेला असे आणि त्यात गेल्या शनिवारची डिस्क. नवी ठेवायची, जुनी घेऊन यायची. डिस्कला कुलूपशब्द होता आणि तो पाकिटात बंद होऊन साहेबांच्या तिजोरीत होता. त्यामुळे आत्याच्या घरी कोणी चोर शिरलाच असता, तर त्याच्या हाती तांदूळच लागले असते.

हे पोलादपूर कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. त्या लहान असताना सावित्री नदीचं पाणी घरात आलं. महाडात पाणी चढायला लागलं की काय करायचं हे पोरासोरांना माहीत असतं: सगळं वर चढवायचं. त्यांच्या वडिलांनी, ते प्राथमिक शिक्षक होते, एका ट्रंकेत कागदपत्रं आणि लग्नाचा फोटो घालून ट्रंक माळ्यावर ठेवली. पाणी माळ्यावर गेलं. आई त्याआधीच वारली होती आणि तिचा तेवढा एकच फोटो घरात होता.

"आत्याकडे त्याच फोटोची दुसरी प्रत होती. म्हणून आई दिसायला कशी होती ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली. "वर ठेवलं म्हणजे सुटलं असं नाय. लांब ठेवायला लागतं."

एरवी त्यांची भाषा शाळामास्तरांच्या मुलीला शोभेल अशी नेटकी होती. 'नाय' आलं की समजायचं, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

आमच्या साहेबांचा विश्वास मात्र अस्सल महाडकरासारखा उंचीवर होता. कारखान्याला नवी इमारत झाली तेव्हा सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर गेला. दाराला 'माहिती सुरक्षा कक्ष' अशी पितळी पाटी लागली. मुंबईहून एक सल्लागार नेमले गेले. बूट न वाजवता चालणारे, अत्यंत सभ्य गृहस्थ. उद्घाटनाला नारळ फुटला, त्याचं पाणी यंत्राच्या दिशेने उडालं, मॅडमनी ते पदराने अडवलं. मग साहेबांनी सर्व्हरला झेंडूचा जाड हार घातला. हार बरोबर हवा आत घेणाऱ्या जाळीवर बसला. टाळ्या संपायच्या आत मॅडमनी तो काढला.

"अहो, राहू दे ना आजचा दिवस," साहेब म्हणाले.

"साहेब, त्याचं नाक आहे तिथे."

साहेबांनी भाषणात सांगितलं, आता सावित्री कितीही चढू दे, कंपनीला भीती नाही. सल्लागारांनी बॅकअपची नवी पेटी दाखवली. सर्व्हरच्याच कपाटात, खालच्या फळीवर. तासातासाला आपोआप प्रत घेणारी. कुणी काही करायला नको.

"ही दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत?" मॅडमनी विचारलं.

"अर्थात. त्याशिवाय प्रत कशी जाणार?"

"म्हणजे एकात काही शिरलं तर दुसऱ्यात जायला वाट आहे."

सल्लागार हसले. सभ्यपणेच हसले.

त्यांनी पुढच्या आठवड्यात पोलादपूरचा शोध लावला. कंपनीची माहिती एका वृद्ध बाईच्या तांदळात आहे हे वाक्य त्यांनी बैठकीत दोनदा उच्चारलं. कागदावर पाहिलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. कंपनीची वस्तू कुणाच्या घरी असू नये हे कुठल्याही नियमपुस्तकात सापडेल. मॅडमनी वाद घातला नाही. "मग दुसरी जागा सांगा. लांबची, आणि वायर नसलेली." जागा ठरवायला समिती नेमली गेली. तोवर एकही डिस्क आवाराबाहेर नेऊ नये आणि पोलादपूरची ताबडतोब परत आणावी, असा लेखी आदेश निघाला. मॅडमकडे होती ती डिस्क सल्लागारांनी समोर बसून पुसून घेतली. पोलादपूरची आणायला कंपनीचा ड्रायव्हर दिलीप गेला. तिथे काय झालं, ते त्याने कँटीनमध्ये सगळ्यांना करून दाखवलं.

"मी म्हटलं, आत्या, ती डिस्क द्या, सायबांनी मागितलीय. तर म्हणते, 'दुसरी आनलीस?' मी म्हटलं, दुसरी कसली? म्हणते, 'एक ठेवायची, एक न्यायची. बदली आनल्याबिगर द्यायची नाय. सुमीनं सांगितलाय.' म्हटलं, अहो, कंपनीची वस्तू हाय ती! तर म्हणते, 'मंग कंपनीनं दुसरी का नाय धाडली? कंपनी गरीब हाय काय रे? बस. च्या घे.'"

"मग?"

"मग काय, च्या घेतला. काकड्या दिल्या पिशवीभर. डिस्क नाय दिली."

सल्लागारांना काकड्यांचं कौतुक वाटलं नाही. त्यांनी मॅडमना बोलावलं. मीही होतो.

"तुम्ही गेलात तर त्या देतील."

"देईल ना. मी मागितली तर लगेच देईल."

"मग जा."

"बदली डिस्क द्या, आत्ता जाते."

"डिस्क बाहेर न्यायला बंदी आहे, मॅडम."

"मग कशी आणू? नियम मीच घातलाय तिला. मी रिकाम्या हाताने गेले आणि घेऊन आले, तर उद्या तिला वाटेल रिकाम्या हाताने आलेल्यालाही द्यायची असते. आणि दुसरं, ती आणली की बाहेर काहीच उरत नाय."

'नाय' आलं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

एक आदेश पाळायचा तर दुसरा मोडावा लागत होता, आणि दोन्हींवर सही एकाच माणसाची होती. सरकारी खात्यांबद्दल मी बरंच वाचलं होतं. खाजगी क्षेत्रही इतकी प्रगती करू शकतं याची मला कल्पना नव्हती. शेवटी मॅडमवर आदेशभंगाची चौकशी लागली. त्यात नोकरी जाऊ शकत होती. त्यांच्यामागे नवऱ्याचं आजारपण होतं, मुलगा शिकत होता. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "आणून टाका ना. एवढं काय त्यात?" त्यांनी चष्मा पुसला.

चौकशीची पहिली तारीख गणपतीनंतरची होती. त्याआधीच पाणी आलं.

सावित्रीचं नव्हे. डिस्पॅचमधल्या एकाने ट्रान्सपोर्टचं बिल समजून ईमेलमधलं काहीतरी उघडलं, आणि सकाळी प्रत्येक पडद्यावर एकच इंग्रजी मजकूर होता: तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर खंडणी द्या. मॅडम धावत दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि वायरी उपटल्या, पण सर्व्हर गेला होता. त्याच्या खालच्या फळीवरची, तासातासाला आपोआप प्रत घेणारी पेटीही गेली होती. तिला वाट होती.

साहेब दारात उभे होते. पितळी पाटी त्यांच्या डोक्याशी आली होती. "पण आपण तर दुसऱ्या मजल्यावर आहोत," ते म्हणाले. हे ते विनोदाने म्हणाले नव्हते.

काय गेलं होतं, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. गोदामात निळे ड्रम रचलेले होते. प्रत्येक ड्रमवर एक क्रमांक. त्या क्रमांकाच्या मालाची कुठली तपासणी झाली, काय उतरलं, गिऱ्हाईकाने काय मान्य केलं हे सगळं संगणकात. ते नसेल तर आत फक्त पांढरी पूड आहे, आणि पांढरी पूड कुणी विकत घेत नाही. मालाचे ट्रक फाटकावर उभे होते. माल गेला नाही तर गणपतीआधीचा पगार निघणार नव्हता, आणि जुनी गिऱ्हाईकं तुटली तर गणपतीनंतरचेही. सल्लागारांचा फोन 'बैठकीत आहेत' असं सांगत होता.

"गाडी काढायला सांगा," मॅडम म्हणाल्या.

त्या, साहेब आणि मी दिलीपच्या गाडीतून निघालो. निघताना त्यांनी खणातली पुसलेली डिस्क पिशवीत टाकली.

"ती कशाला? ती रिकामी आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आत्यासाठी."

वाडीत गाडी जात नाही. साहेब पावसात, निसरड्या पायवाटेने, दिलीपचा खांदा धरून चढले. आत्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साहेबांना वाटलं असावं की प्रमुखाने स्वतः विनंती करावी. त्यांनी हात जोडले, आपली ओळख सांगितली, कंपनीवर आलेल्या प्रसंगाबद्दल चांगली तीन-चार वाक्यं बोलले.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दुसरी आनलीस?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पिशवीतून डिस्क काढून पुढे केली.

"सुमे, किती गो बारीक झालीस," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला, डबा काढला, तांदूळ झटकले, रिकामी आत ठेवली आणि भरलेली दिली. कुठली रिकामी, कुठली भरलेली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एक आली, एक गेली.

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "सुटलो." मॅडम म्हणाल्या, "उघडल्यावर बोलू." ती डिस्क त्यांनी सर्व्हरला जोडली नाही. कुणाला पटणार नाही इतक्या सावकाश, म्हाताऱ्या संगणकावर, वायर न लावता, त्यांनी माहिती उभी केली. साहेब खुर्चीच्या मागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी स्टोअरच्या माणसाला बोलावलं. त्याने एका ड्रमचा क्रमांक घातला, चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून वाचलं आणि म्हणाला, "बरोबर."

तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

आदेश निघाल्यानंतरच्या आठवड्यांचं त्या डिस्कवर काही नव्हतं. प्रयोगशाळेच्या हाताने लिहिलेल्या कागदांवरून आम्ही सगळ्यांनी मिळून ते पुन्हा भरलं. हिशेबनीस, मी, एक दुपार साहेबसुद्धा. एका बोटाने टाईप करत त्यांनी मॅडमना विचारलं, "हे आठवडे का नाहीत?"

"तुम्ही थांबवायला सांगितलंत म्हणून."

ट्रक गेले. पगार गणपतीच्या आदल्या दिवशी झाला. पुढच्या शनिवारी मॅडम पिशवी घेऊन एसटीला निघाल्या तेव्हा फाटकावर कुणी अडवलं नाही. २६ जानेवारीला साहेबांनी 'संकटकाळात मार्गदर्शन केल्याबद्दल' सल्लागारांना शाल दिली आणि मॅडमनाही दिली. शाली एकाच दुकानातल्या होत्या.

चौकशी मात्र कुणी बंद केली नाही. निवृत्तीच्या वेळी त्यांचे कागद माझ्याकडे आले, तेव्हा ती तशीच चालू होती. मी म्हटलं, साहेबांची सही घेऊन मिटवतो.

"कशाला? आदेश दिला तेव्हा आणली नव्हती, हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त माझी पेन्शन अडकवू नका."

निवृत्तीनंतरही त्या शनिवारी जायच्या. कंपनीचा नवा माणूस डिस्क त्यांच्या घरी आणून द्यायचा. त्यांच्या मते तेवढंच एसटीचं निमित्त. या वर्षी, पावसाच्या तोंडावर, त्या वारल्या. पोटाचं दुखणं होतं, त्यांनी ते कुणाला फारसं कळू दिलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला घर भरलं होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि शेजारी जुना, कडेने पिवळा पडलेला, आई-वडिलांच्या लग्नाचा. साहेब बोलले. त्यांची जागा कधीही भरून येणार नाही, असं म्हणाले. खाली बसताना त्यांनी डोळे पुसले, आणि ते मात्र खरं होतं.

आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता फार वाकल्यात, ऐकू कमी येतं. मी जाऊन पाया पडलो. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

"शनवारी कोन येनार रे?"

मी नव्या माणसाकडे बघितलं. तो दारात चपला शोधत होता.

"मी येतो, आत्या," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी हात सोडला. "ये. पन दुसरी घेऊन ये. तशी नाय देनार."