सकाळची मैत्री, संध्याकाळची मैत्री

पंचफुला अंगणवाडीत शिकवायची. आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठच्या एका गावात तिची वीसेक लेकरांची अंगणवाडी होती. कोणतं लेकरू केव्हा बसलं, केव्हा उभं राहिलं, कोणाचं वजन घटलं, हे ती वहीत तर लिहायचीच, पण तिला ते तोंडपाठही असायचं. म्हणून तिची स्वतःची मुलगी मैत्री सातव्या वर्षी पाय वाकडा टाकू लागली, तेव्हा ते आधी तिच्याच लक्षात आलं.

आधी डावं पाऊल आत वळायचं. मग उजवं. नवव्या वर्षी मैत्री टाचा उचलून चालू लागली आणि अकराव्या वर्षी तर दुपार टळली की भिंत धरल्याशिवाय तिला पाऊल टाकता येईना. तिचा बाप नागेश मंडल कार्यालयात अटेंडर, म्हणजे शिपाई होता. शाळा सुटायच्या वेळी तो साहेबांना सांगून निघायचा, फाटकाशी मोटारसायकल लावायचा आणि पोरीला उचलून गाडीवर बसवायचा. मैत्रिणींसमोर असं उचललं की मैत्री त्याच्या खांद्यात तोंड लपवायची.

आदिलाबादचे डॉक्टर झाले, हैदराबादचे झाले. मेंदूचा एमआरआय चांगला आला, तरी कागदावर सेरेब्रल पाल्सी लिहिलं गेलं. जन्मताना मेंदूला इजा झाली असेल, असं एकानं सांगितलं.

"सर, माही पोरगी अकराव्या महिन्यात चालली," पंचफुला म्हणाली. "आताबी सकाळी उठली की चांगली चालते."

"संध्याकाळी थकत असेल," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ही सकाळची गोष्ट तिनं चार डॉक्टरांना सांगितली. पाचव्याला सांगायचं तिनं सोडून दिलं.

मग एका रविवारी गुडीहत्नूरहून नागेशचा थोरला भाऊ भिवाजी आला. त्याच्या फोनवर एक व्हिडिओ होता. दूरच्या कुठल्याशा शहरात एक सेंटर होतं, तिथे कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी काढून पाठीच्या मणक्यात सोडायचे. व्हिडिओतला मुलगा खुर्चीतून उठत होता. नागेशनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सेंटरला फोन लावला, हिंदीत बोलला, तारीखही घेतली. आदिलाबादला घर बांधायला घेऊन ठेवलेला प्लॉट विकायचं ठरलं. पंचफुलाचं मन होत नव्हतं. पोरीच्या पाठीत सुई खुपसणार, या विचारानंच तिच्या हातातलं काम थांबायचं. पण नको म्हणावं, तर दुसरं काय करायचं तेही तिला सुचत नव्हतं.

सेंटरवाल्यांना सगळे रिपोर्ट ताजे हवे होते आणि सोबत मेंदूच्या डॉक्टरची चिठ्ठी. नागपूर त्यातल्या त्यात जवळ. तिघं सकाळच्या बसनं निघाले, पांढरकवडा, हिंगणघाट करत पोहोचले. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर मीनल यांच्या खोलीत नंबर लागला तेव्हा चार वाजून गेले होते. नागेशनं मैत्रीला उचलूनच आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली, मैत्रीचे पाय हलवून पाहिले. नागेशनं चिठ्ठीचं काम सांगितलं. त्या पंचफुलाकडे वळल्या.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पंचफुला आधी गडबडली. मग म्हणाली, "म्याडम, माह्या घरी दोन मैत्री हायेत. सकाळची येगळी अन् संध्याकाळची येगळी. सकाळी हे पोरगी मोरीपर्यंत आपल्या पायानं जाते. दुपारी झोपली तर उठल्यावर घंटाभर पुन्हा बरी राह्यते. मंग पाय वळते. मी सांगून सांगून थकली."

डॉक्टरांचा पेन थांबला. "पुन्हा सांगा. झोपून उठल्यावर बरी असते?"

"हो. लेकराईले पाह्यनं हेच माहं काम हाय जी. मी चुकनार नाई."

"उद्या सकाळी सातला आणाल? उठली की लगेच, तशीच."

तिघं मुक्कामाला होती ती धर्मशाळा दवाखान्याच्या मागेच होती. सकाळी मैत्री तिथून दवाखान्याच्या दारापर्यंत आपल्या पायांनी आली. पाऊल जरा आत वळत होतं, इतकंच. डॉक्टर मीनल पायऱ्यांवर उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळी पाचला त्यांनी तिला पुन्हा बघितलं, तेव्हा तिला दोन पावलं टाकता येत नव्हती.

"हा आजार फार थोड्या मुलांना असतो," त्यांनी समजावलं. "मेंदूत एक द्रव्य कमी तयार होतं. झोपेनंतर थोडं साठतं, दिवसभरात संपतं. माझा अंदाज खरा असेल तर एका गोळीनं फरक पडेल. म्हाताऱ्या माणसांना कंपवातावर देतात तीच गोळी. अंदाज चुकला तर तेही लवकर कळेल."

"बुढ्यायची गोळी आमच्या पोरीले?" नागेश म्हणाला. "अन् मंग ते स्टेम सेल?"

"त्याचा या आजाराला उपयोग होतो असा काही पुरावा मला माहीत नाही. मी चिठ्ठी देणार नाही. आधी गोळी देऊन बघा."

परतीच्या बसमध्ये नागेश गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहत राहिला. गरीब समजून आपल्याला साधी गोळी देऊन वाटेला लावलं, असं त्याला वाटत होतं. पंचफुला मात्र वेळ चुकू न देता अर्धी अर्धी गोळी देऊ लागली.

चौथा दिवस. दिवेलागण झालेली. पंचफुला चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत होती. मागे माठावरचं झाकण वाजलं, पेला बुडाला. नागेश पाणी पीत असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात नागेश अंगणातून आत आला आणि दारातच खिळला.

"पंचफुला," तो हळूच म्हणाला, "मागं पाह्य."

मैत्री माठाजवळ उभी होती. भिंतीला हात नव्हता. दोघं आपल्याकडे असे बघताना पाहून ती घाबरली.

"काऊन? मी काई सांडलं का?"

तव्यावरची भाकर करपली. कोणी उलटली नाही. नागेश उंबऱ्यावर बसला आणि मोठ्यानं रडला. शेजारच्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या. पंचफुला रडली नाही. ती पोरीला म्हणाली, "जाय, दारापर्यंत जाऊन ये." मैत्री गेली, आली. "अजून एकदा." तीही फेरी झाली. पाचव्या फेरीला मैत्री वैतागली, "आई, पुरे ना वं!" तेव्हा कुठे पंचफुला हसत हसत खाली बसली.

आठवड्यानं सेंटरवाल्यांचा फोन आला. हमारी बच्ची चल रही है, असं नागेशनं सांगितलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, फिर भी करा लो, और अच्छा होगा. नागेश क्षणभर घुटमळला. पंचफुलानं त्याच्या हातातून फोन घेतला. "नही करना भैया," म्हणाली आणि ठेवून दिला.

सगळं सोपं झालं असं नाही. गोळी जन्मभर घ्यावी लागणार. आदिलाबादच्या दुकानात ती नेहमी मिळत नाही, तेव्हा मागवून ठेवावी लागते. सुरुवातीला मैत्रीला मळमळायचं. वर्षानुवर्षं वळलेल्या डाव्या पावलाला व्यायाम अजून चालू आहे.

सहा महिन्यांनी नागपूरला दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टर मीनल यांनी आपल्या दहा-बारा विद्यार्थ्यांना बोलावलं. "ताई, तुम्ही मला काय सांगितलं होतं ते यांना सांगा. तुमच्याच भाषेत." पंचफुलानं पदर सावरला आणि सांगू लागली. ती तरुण डॉक्टर मुलं खाली मान घालून लिहून घेत होती. एकीनं विचारलं, "साधारण किती वाजता पाय वळायला लागायचा?" पंचफुलानं नीट आठवून उत्तर दिलं.

सांगून झालं तेव्हा मैत्री खोलीत नव्हती. नागेश व्हरांड्यात शोधू लागला, लिफ्टपाशी गेला. ती तिथेही नव्हती. तेवढ्यात खालून आवाज आला. तीन मजले जिन्यानं उतरून मैत्री अंगणात उभी होती आणि मान वर करून हाका मारत होती, "बाबा, चाला ना! मले भूक लागली."