साडूंचं चुंबक

वाट पाहणं हा माणसाचा अपमान आहे, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या नागपुरात एकच होता आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. हिंगण्याची बस लांबली की ते पायी निघत. मग मागून आलेल्या बसमधले लोक त्यांना हात करत पुढे जात. शिट्टीआधीच कुकर उघडायला लावत आणि भात कच्चा म्हणून बायकोवर रुसत.

नागपूरच्या महाल भागात त्यांची रक्त तपासायची लॅब होती. टायफॉइडचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळे. तोवर बाहेरच्या बाकावर नातेवाईक कोमेजून बसत, ते त्यांना पाहवेना. कुठल्याशा परदेशी मासिकात वाचून त्यांनी लोखंडाच्या बारीक कणांना टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचा लेप दिला. आजाऱ्याच्या रक्तातली द्रव्यं या कणांना धरून गुठळ्या करतात. चुंबकाने कण जवळ ओढले की काम झटपट उरकतं. "ते आपल्या पायानं भेटतीन तवा भेटतीन. आपण त्याइले ओढून काहून आणू नये?" असं ते मला विचारत, जसं काही मीच अडवून धरलं होतं. इतवारी बाजारातल्या मोडक्या लाउडस्पीकरांची चुंबकं त्यांच्या खिशात असत. त्यांच्या घड्याळाने केव्हाच मान टाकली होती आणि माझ्या किल्ल्या दर भेटीत त्यांच्या सदऱ्याला चिकटून त्यांच्या घरी जात.

निरोगी रक्त म्हणून पहिला नमुना माझा. सुई पाहून मला भोवळ येते, पण साडूंना नाही म्हणायला त्याहून जास्त धैर्य लागतं. अर्ध्या तासात निकाल लागला: मला टायफॉइड. बायकोने मुगाचं पाणी सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत मला रीतसर कणकण वाटू लागली. दुसऱ्या दिवशी जुन्या पद्धतीने रक्त स्वच्छ निघालं. चुंबकापाशी राहून कणच चुंबक झाले होते आणि रक्तासाठी न थांबता एकमेकांना चिकटले होते. थेट मालकाच्या वळणावर गेले होते. मला मात्र पुढे आठवडाभर आजारातून उठल्यासारखं अशक्त वाटत राहिलं.

साडूंनी कण सुधारले. निकाल जुन्या पद्धतीशी बरेचसे जुळू लागले, आणि तेव्हाच आमच्या धाकटीला ताप चढला तो उतरेना. डॉक्टर म्हणाले, औषध रिपोर्ट पाहून ठरवू. साडूंच्या चुंबकाची गावभर टिंगल करणारा मी, हात जोडून म्हणालो की तेच लावा, पण आत्ता सांगा. त्यांनी चुंबक खिशात टाकलं.

"तुह्या पोरीवर नाही गा. माह्यावर एवढा भरवसा मलेच नाही. आज वाट पाहू."

आणि हा माणूस माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मी सारखा उठून दारातून आत डोकावत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि रिपोर्ट येईपर्यंत काढला नाही. टायफॉइडच निघाला, औषध लागू पडलं आणि धाकटी आता मला रागावण्याइतकी मोठी झाली आहे.

साडू गेले. परवा मी रक्त तपासायला गेलो, तर लॅबमधली मुलगी म्हणाली, "मशिनमध्ये लोखंडाचे कण राहतात आजोबा, तपासणी लवकरच होते." खरंच, चहा निवायच्या आत रिपोर्ट हातात आला. मी तरी बाकावरून उठलो नाही. शेजारी एका माणसाची जागा सोडून थोडा वेळ बसून राहिलो.