कागदावरची पहिली ओळ

ऐंशीच्या दशकात नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात मी कॉम्प्युटरचं काम बघायचे. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी लाइटीच्या कारखान्यात टायपिंग करते वं." तिचं म्हणणं खोडायचं मी सोडून दिलं होतं.

आमच्या कॉम्प्युटरचं काम चहाडीचं. कुठला दाब उतरला, कुणी बटण दाबलं, की त्याची नोंद छापायची. एरवी बराच वेळ एखादीच ओळ. पण वीज बनवणारं युनिट बंद पडलं की क्षणात शेकडो नोंदी येऊन आदळायच्या.

एका दुपारी युनिट बंद पडलं. कागदाची पहिलीच ओळ होती, ऑपरेटरने बंद करायचं लाल बटण दाबलं. बाकी सगळं त्याखाली. चौकशी समिती बसली. पहिली ओळ म्हणजे कारण, हे तिथं सगळ्यांनाच पाठ होतं.

ऑपरेटर सावनेरकडचा, केस पिकायला लागलेला माणूस. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, बटन मीच दाबलं, नाही कुठं म्हणतो? पण बेअरिंगच्या तेलाचा दाब आधी गेला. काटा माह्या डोळ्यासमोर खाली आला. नसतं दाबलं तं टर्बाइन जळलं असतं. मंग तुमच्या कागदावर तेल काहून नाही?"

तेलाचा पंप नंतर तपासला तर धडधाकट निघाला होता. त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी शोधायला बसले. चूक सापडली ती कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये. यंत्राकडून आलेली नोंद तो एका छोट्या जागेत, बफरमध्ये ठेवायचा आणि छापणाऱ्या प्रोग्रॅमला हाक मारायचा. तो येण्याआधीच बफर भरला, तर कर्नल सगळ्यात जुनी नोंद गुपचूप पुसून तिथं नवी लिहायचा. फळा भरला की मास्तर वरची ओळ पुसतात, तसं. कुणा दूरच्या शहाण्यानं ठरवलं असणार, की ताजी नोंद तेवढी महत्त्वाची. आमच्याकडे सगळा जीव पहिल्या नोंदीत. तेलाची ओळ पुसली गेली, आणि उरलेल्यांत पहिला आला तो या माणसाचा हात.

"चूक ऑपरेटरची नाही, कर्नलची आहे," मी समितीपुढे म्हणाले.

अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला. "हा कर्नल कोण? लष्कराचा इथं काय संबंध?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही. मग फळ्यावरून समजावलं. त्यांच्यादेखत नोंदींचा मारा करून पहिल्या नोंदी गायब होताना दाखवल्या. साहेब वाईट माणूस नव्हते, मन लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "असं होऊ शकतं, हे पटलं. त्या दुपारी असंच झालं, हे कशावरून?"

किती ओळी पुसल्या, याची मोजदादसुद्धा त्या बफरनं ठेवली नव्हती. प्रश्न रास्त होता, याचाच मला संताप आला. ऑपरेटर माझ्याकडे बघत होता, डॉक्टरकडे बघावं तसा. मी टेबलावरचे कागद गोळा केले.

त्याची बदली कोळशाच्या यार्डात झाली.

दुरुस्ती मी केली. अगदी थोडक्या ओळींची. बफर मोठा केला. वाचून झाल्याशिवाय जुनी नोंद पुसायची नाही. जागा संपलीच तर नवी सोडायची, आणि किती सोडल्या ते कागदावर छापायचं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती माझ्या घशाखाली उतरली नाही.

काही महिन्यांनी युनिट पुन्हा बंद पडलं. पहिली ओळ होती, बेअरिंगच्या तेलाचा दाब कमी. नव्या ऑपरेटरनं दाबलेलं बटण बरंच खाली. कागद फाडून मी तशीच साहेबांकडे धावले.

"हे या वेळचं झालं," ते म्हणाले. "त्या वेळचा कागद फाइलीला लागलाय." नव्या ऑपरेटरचं प्रसंगावधानाबद्दल कौतुक झालं.

तो कागद घेऊन मी यार्डात गेले. कशाला गेले, मलाच सांगता येणार नाही. त्यानं पँटला हात पुसले, कागद उजेडात धरला आणि पहिली ओळ ओठ हलवत वाचली. चेहरा असा खुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"म्हंजे तुमचा कॉम्प्युटर आता बरोबर सांगून राहिला?"

"हो."

"मंग ताई," तो म्हणाला, "आता माह्यावाला कागद पुन्हा छापून द्या न."

तो थट्टा करत नव्हता. यंत्र सुधारलं, म्हणजे आता ते त्या दुपारचंही खरं सांगेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं माझ्यासाठी एक रिकामा डबा उलटा करून बसायला दिला. मी बसले, आणि पुन्हा फळ्यापासून सांगायला लागले.