मोती घासू नका हो, वहिनी!

आमच्या भनपुरीत सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. ट्रकची धूळ आणि कारखान्यांची काजळी! त्यामुळे इथल्या बायकांना धुण्याचा नादच लागलेला आहे. पडदे धुतात, तुळशीची पानं धुतात आणि तरीही हात रिकामे राहिले की दागिने धुतात. मी घरी माळा ओवून देते. त्यामुळे बिघडलेला दागिना माझ्याकडे येतो आणि सोबत किस्सा घेऊन येतो. दागिना परत जातो, किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. आता इतके झालेत की कुठेतरी रिकामे करायलाच हवेत.

*

सुरुवात समोरच्या वानखेडे वहिनींपासून. मनाने अगदी सोनं, पण हातात ब्रश आला की भीती वाटते.

एका दुपारी त्यांनी दारातूनच हाक मारली, "आशाताई, लवकर या! मळ पाहा कसा निघून राहिला!"

जाऊन पाहते तर वाटीत सिरका, म्हणजे व्हिनेगर, त्या सिरक्यात त्यांच्या पोवळ्याच्या कुड्या आणि वर बुडबुडेच बुडबुडे.

"वहिनी, काढा ते आधी! तो मळ नाही, पोवळं विरघळून राहिलं!"

"काहीतरीच तुमचं. दगड कुठं विरघळते?"

कुड्या बाहेर काढल्या. रंग उडालेला, अंग खडबडीत, उन्हाळ्यात फुटलेल्या ओठांसारखं. वहिनींनी त्या खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिल्या.

"चमक गेली थोडी," त्या म्हणाल्या. "पण साफ तर झाल्या ना!"

*

त्यानंतर काही दिवसांनी वहिनींची लेक पल्लवी माझ्याकडे आली. पोरीचं लग्न ठरलं होतं. तिच्या हातात आजीची मोत्यांची माळ होती. आजीने शेवटच्या दिवसांत स्वतःच्या गळ्यातून काढून नातीच्या हातात दिलेली. खरे मोती, सायीसारखी पिवळसर झाक असलेले. दोरा मात्र पार कुजला होता.

"मौसी, शादी में यही पहनूँगी," पल्लवी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. "बस मम्मी को मत देना. मम्मी इसको भी धो देगी."

मी शब्द दिला. संध्याकाळी वहिनी हजर!

"आशाताई, पोट्टी पांढरी साडी नेसणार, अन् गळ्यात पिवळे मोती? पाव्हणे म्हणतील, नकली दिले! जरासं सिरक्यात बुडवून देता काय?"

"वहिनी, कुड्यांचं काय झालं ते विसरल्या काय?"

"ते पोवळं होतं. हे मोती आहेत!"

मी माळ मऊ कापडात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली. लग्नापर्यंत रोज एकच फोन. "झालं काय हो? पाहू तरी द्या!"

*

मागच्या गल्लीतल्या साहू दीदींचे मिस्टर सिलतऱ्याच्या कारखान्यात कामाला आहेत. ज्योतिष्याने त्यांना पन्ना, म्हणजे पाचू, घालायला सांगितला. अंगठीच्या खाचेत कणीक अडकलेली दिसली म्हणून दीदींनी ती चहाच्या भांड्यात उकळली. चांगली खळखळून!

पन्न्याच्या भेगा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल गेलं. पूर्वी न दिसणाऱ्या रेघा अशा उठून दिसू लागल्या की खड्यावर जाळं विणल्यासारखं वाटावं.

"दीदी, उकळलं कशाला?"

"हव, कीटाणु घलो तो मर जाथे ना!" म्हणजे जंतूही मरतात ना!

"अहो, ते रत्न आहे, बाळाची दुधाची बाटली नाही!"

दीदी बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. मिस्टर मात्र खूश. त्या आठवड्यात साहेब त्यांच्यावर ओरडले होते आणि त्यांना कारण सापडलं. आता कामावर काहीही चुकलं की घरी येऊन सांगतात, "तैं पन्ना ला उसन डारे, तेखरे सेती!" म्हणजे तू पन्ना उकडलास ना, त्याच्यामुळेच!

*

वरच्या मजल्यावर देशमुख मॅडम राहतात. नव्या राजधानीतल्या ऑफिसात नोकरी. त्यांनी ऑनलाइन एक मशीन मागवलं. पाण्यात दागिना टाकायचा, बटण दाबायचं, मशीन गुणगुणतं आणि दागिना लखलखीत! सोन्याच्या साखळीला ठीक आहे. मॅडमनी त्यात ओपलची अंगठी टाकली. तो ओपल अखंड नव्हता. वर पातळ ओपल, खाली दुसरा दगड, मध्ये डिंकासारखा चिकट पदार्थ.

मॅडम माझ्याकडे आल्या, तेव्हा तळहातावर दोन चकत्या होत्या. मी धीर कसा द्यावा याचा विचार करत होते.

"ताई," त्या म्हणाल्या, "आता दोन झालेच आहेत, तर कानातले करता येतील का?"

*

आणि आमच्या घरचं काय सांगू! माझ्या वाढदिवसाला यांनी मला सरप्राइज द्यायचं ठरवलं. उरल्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले आणि माझी फिरोजाची अंगठी साबणाच्या पाण्यात घातली. नंतर चमक यावी म्हणून खोबरेल चोळलं. फिरोजा पाणी पितो, तेलही पितो. आकाशी खडा हिरवट होऊन बसला, मेथीच्या पाण्यासारखा.

मी पाहिलं आणि डोळ्यात पाणीच आलं.

"काहून रडून राहिली?" हे घाबरले. "हिरवाही शोभते तुले!"

*

मी सगळ्यांना सांगून सांगून थकले. मऊ सुती कापड घ्या. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाका, कापड त्यात बुडवून घट्ट पिळा, मोती हलकेच पुसा. मग साध्या ओल्या कापडाने साबण काढा. माळ लटकवू नका, ओला दोरा ताणतो. टॉवेलवर आडवी ठेवून वाळू द्या. सेंट आधी, मोती शेवटी. फिरोजा आणि ओपल तर नुसते पुसा.

वहिनींनी हे सगळं मन लावून ऐकलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग साफ कसं होईल?"

*

लग्नाचा दिवस उजाडला. मी माळ स्वतः घेऊन गेले. नवरीच्या खोलीत मेकअपवाली सेंटची बाटली घेऊन पुढे आली, तेव्हा पल्लवीनेच माळेवर हात ठेवला. "पहले सेंट, फिर मोती!" मला इतकं बरं वाटलं!

तेवढ्यात साडीला पिन हवी होती. वहिनी म्हणाल्या, "माझ्या पर्समधून घ्या." पर्स उघडली. पिन होती. बाजूला कोरा टूथब्रश आणि सिरक्याची छोटी बाटली!

मी दोन्ही गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकली आणि माळ पल्लवीच्या गळ्यात घातली. पांढऱ्या साडीवर मोती पिवळसरच दिसत होते. पल्लवी आरशात माळेला बोट लावून उभी राहिली, आजीचा हात धरावा तशी. वहिनी मात्र माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पाव्हणे हसतील, पाहाल तुम्ही."

लग्न लागलं. नवऱ्या मुलाची आई सुनेजवळ आली आणि तिने माळ बोटांवर घेतली. वहिनींनी माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या.

"खरे मोती आहेत हो!" विहीणबाई म्हणाल्या. "जुने! ही झाक आता कुठं दिसते?" मग त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्या सासूबाईंची होती अशीच माळ. पिवळी दिसते म्हणून मी सिरक्यात टाकली. पार वाया गेली."

वहिनींनी माझा हात सोडला आणि स्वतःचा हात छातीवर ठेवला.

"सिरक्यात? अगं माय वं! मोती कोणी सिरक्यात टाकते काय, विहीणबाई? आशाताई, सांगा बरं यांना!"